खोकला : नाही

अहो मंजूचे बाबा,

तुमच्या खात्याचं पत्र आलंय. उद्या अकरा वाजता सुनावणी आहे, म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी बोलल्याशिवाय मी कुठल्या कचेरीत कधी गेलेय?

तुम्हाला घेऊन गेला तो कॅन्सर नोकरीमुळे झाला, एवढंच मला त्यांच्याकडून लिहून हवंय. पहिला अर्ज फेटाळला. बाबूंनी तुमची फाईल उघडून तब्येतीच्या फॉर्मवर बोट ठेवलं. "भाभीजी, यहाँ तो लिखा है, खाँसी नहीं. हर साल, नहीं." मी वाकून पाहिलं. अक्षर माझं होतं!

आठवतं? फरीदाबादच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही बूट काढता काढता सांगायचात आणि मी भरायचे. चौथीत शाळा सुटलेली मी, हिंदी शिकले ती तुम्ही आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. "तुझं अक्षर माझ्यापेक्षा सरकारी आहे," म्हणायचात.

"खोकला?" मी विचारायचे.

तुम्ही खोकतच म्हणायचात, "लिही, नाही."

"अहो, पण..."

"खोकला लिहिलास तर टेबलावर बसवतील. ट्रॅफिकचा हवालदार काय फायलींना शिट्टी मारणार?"

मी हसायचे आणि 'नाही' लिहायचे. का हसायचे हो मी?

दिल्लीच्या बॉर्डरवरचा तो तुमचा चौक! आजूबाजूची शेतं जाऊन इमारती उठल्या, नव्या नव्या गाड्या आल्या, आणि धूर सोडणारे जुने ट्रक काही गेले नाहीत. घरी आलात की आज कुठली नवी गाडी पाहिली ते मंजूला रंगवून सांगायचात. मी तिकडे तुमचा रुमाल भिजवायचे. बादलीतलं पाणी काजळासारखं व्हायचं. बिडीला तुम्ही कधी हात लावला नाहीत. मग ते काळं कुठून येतं, हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू?

राग तुमच्यावरही आहे. शिट्टी मध्येच तुटायला लागली, तेव्हा तरी बोलायचं होतं! डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून खोकताय? तर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते उत्तरही मीच भरायचं होतं का?

वकीलसाहेब म्हणतात, अक्षर ओळखत नाही म्हणा. मंजूही काल म्हणाली, "आई, तू फॉर्म भरलेस हे बिल्कुल सांगू नकोस. केस बिघडेल यार!" पोरीचं चुकत नाही. इतके खेटे घालून तीही दमलीय.

पण तेच अक्षर तुम्ही चौकातल्या चहावाल्यालासुद्धा दाखवलं होतंत. "हमारी मिसेज की लिखाई है, देखो!" ते मी माझं नाही म्हणू?

उद्या मी सांगणार आहे, अक्षर माझं, खोकला यांचा. मग निकाल काय लागायचा तो लागो. त्यांनी जबाबासाठी कागद पुढे केला, तर दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही. मीच लिहीन. खोकला : होता. तुम्हाला आवडायचं तसं, सावकाश, सरकारी अक्षरात.

तुमची,
शालू