अश्लील मजकुराबद्दल माफीनामा

४ फेब्रुवारी, मंगळवार

काही वर्षांपूर्वीची ती सकाळ. मी मेथी निवडत होते, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि हे बाथरूममध्ये नळ सोडून उभे. वीस मिनिटं! मी ओरडले, "टाकी रिकामी होईल!" लघवी अडत होती. मला कळू नये म्हणून नळ. ते मला आठ महिन्यांनी समजलं. तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होता.

गेल्या गुरुवारी इथल्या, भोपाळच्या कम्युनिटी रेडिओवरच्या माझ्या मराठी अर्ध्या तासात हेच सांगितलं. 'माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट' म्हणून. पुढे पुस्तकात वाचलेलं — डॉक्टर मागून बोट घालून तपासतात, दोन मिनिटं लागतात, लाजू नका.

आज रेडिओच्या सायलीचा फोन. "काकू, कम्प्लेंट आली आहे. अश्लील मजकूर."

५ फेब्रुवारी

एम. पी. नगरला रेडिओच्या ऑफिसात गेले. नियमावली तिथेच बसून वाचली. पहिल्या चुकीला महिनाभरापर्यंत प्रसारण बंद, दुसरीला तीन महिने, मग परवानगीच रद्द. बोटाबद्दल काही नाही.

सायली म्हणाली, "काकू, समझो ना! शनिवारपर्यंत माफीनामा दिला तर ते थांबतील. नाहीतर दिल्लीला मंत्रालयात लिहिणार आहेत."

ते, म्हणजे तक्रार करणारे, आमच्याच कोटरा वस्तीतले दत्तात्रयभाऊ. ह्यांच्या ऑफिसातले. एकोणीस वर्षं दोघं एका स्कूटरवर गेले.

माफीनामा टाइप करून तयारच होता. 'माझ्याकडून अश्लील बोलले गेले.' जे वेळेवर बोललं असतं तर माणूस वाचला असता, ते अश्लील? सही केली नाही. पण रेडिओ बंद पडला तर सगळ्यांचेच कार्यक्रम जातील.

६ फेब्रुवारी

आज गुरुवार, पण माझा कार्यक्रम थांबवलेला. पेन उचललं. ठेवलं.

७ फेब्रुवारी

मंगला, भाऊंची बायको, दुपारी मागच्या दाराने आली. "वहिनी, तुम्हाला यांचं कुणी सांगितलं हो? मी तर कुणाजवळ बोलले नाही!"

भाऊंनाही सात महिने तोच त्रास. रेडिओ ऐकून त्यांना वाटलं, मी त्यांचीच गोष्ट अख्ख्या भोपाळला ऐकवली!

तशीच तिच्याबरोबर गेले. म्हटलं, "भाऊ, ते गृहस्थ म्हणजे आमचे हे."

ते म्हणाले, "गोपीनाथ? तो तर हार्टनं गेला ना? तुम्हीच सांगितलं होतं!"

हो. मीच. ह्यांना नागपूरला नेलं, तिथेच गेले. परत आल्यावर ज्याने विचारलं त्याला सांगितलं — हार्ट.

८ फेब्रुवारी

मंगला भाऊंना घेऊन हबीबगंजच्या डॉक्टरांकडे गेली.

मी माफीनामा हातानेच लिहिला. 'ओळखीचे गृहस्थ' हे खोटं होतं, त्याबद्दल माफी. मग पुढच्या गुरुवारच्या रेकॉर्डिंगसाठी माइकसमोर बसले आणि म्हटलं, "माझे यजमान गोपीनाथ प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले." उखाण्याशिवाय ह्यांचं नाव पहिल्यांदाच घेतलं.