ग्रेनाडाहून आलेला फोन

फ्लॅट बुश, ऑकलंड
रविवार, ३ ऑक्टोबर २००४

प्रिय वल्लरी,

तुला, केल्विनला आणि पोटातल्या पाहुण्याला आशीर्वाद. तुमच्याकडचं पोस्ट पुन्हा सुरू झालंय असं इथल्या पोस्टातली बाई म्हणाली. पत्र कधी पोचेल हे मात्र तिला सांगता येईना. तरी लिहिते आहे. फोन तर लागतच नाही.

इकडे आज घड्याळं एक तास पुढे केली. मागच्या अंगणातल्या प्लमच्या झाडाला फुलं आलीत. आपल्या धाकट्या आरवची परीक्षा तोंडावर आहे. तुझं नाव काढलं की "शी विल बी राइट, मम", होईल सगळं ठीक, असं इथल्या पोरांसारखं म्हणतो आणि खोलीचं दार लावून घेतो. त्यालाही झोप नाही, हे मला दिसतं.

ग्रेनाडाच्या वादळाची बातमी इथे टीव्हीवर जेमतेम अर्धं मिनिट दाखवली. विमानातून टिपलेली घरं, एकावरही छप्पर नाही. त्यात तुझं कुठलं ते मी शोधत राहिले. मग आरवने इंटरनेटवर वाचून सांगितलं की तुरुंग मोडला, कैदी बाहेर पडले, दुकानं लुटली जाताहेत. देशाला सैन्य नाही, आणि पोलिसांचीच घरं उडालेली. शेजारच्या बेटांवरून सैनिक आल्याचं कळलं तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला. तोवर मी नुसता तुझा नंबर फिरवत बसायची. दुसरं करणार काय?

बाबांना तेव्हा हीच भीती होती. केल्विन तुला मागणी घालायला पामर्स्टन नॉर्थच्या विद्यापीठातून बसने आला होता, आपल्या गावच्या जायफळांची पिशवी घेऊन. बाबांनी त्याला विचारलं होतं, "तुमचा देश जायफळावर आणि टूरिस्टांवर चालतो. दोन्ही एका दिवसात गेलं तर माझी मुलगी खाणार काय?" तो म्हणाला, "पुन्हा लावू, सर." बाबा "नाही" म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर तीन वर्षं ते तुझ्याशी बोलले नाहीत.

आता केल्विनची जवळजवळ सगळी झाडं आडवी झाली म्हणालीस. नवं झाड फळायला सात-आठ वर्षं. कोण बरोबर आणि कोण चूक, याचं आता मला काही वाटत नाही ग.

तू फोन केलास त्याबद्दल लिहायला बसले आणि भलतंच लिहीत सुटले.

त्रिनिदादच्या सैनिकांचा फोन, मागे रांग, दोनच मिनिटं, असं तू सांगितलंस. मी "आधी माझं ऐक" म्हणेपर्यंत तू म्हणालीस, "आई, बाबांना दे." मी स्पीकर लावून रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, हॉस्पिटलचं छप्पर गेलंय. बाळंतपणाला तिकडे येऊ का?"

"नाही. नाही, नाही."

तू "बरं" म्हणालीस. मी रिसीव्हर ओढून घ्यायला गेले तोवर फोन बंद झाला होता.

वल्लरी, बाबांना ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना सगळं कळतं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, आणि तो 'नाही' आहे. बोलायला शिकवणारी हॉस्पिटलची बाई येते, माओरीत "किआ ओरा, शिरीष" असा नमस्कार करते आणि चित्रं दाखवते. सफरचंद, किल्ली, खुर्ची. प्रत्येकाला हे 'नाही' म्हणतात. चहा हवा असला तरी नाही, आरवला जवळ घ्यायचं असलं तरी नाही. त्या दिवशी तुझा आवाज गेल्यावर रिसीव्हर डाव्या हाताने छातीशी धरून ठेवला होता. मला देईनात. रडत होते आणि तेच म्हणत होते. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात शंभर माणसांना कामं सांगणारा माणूस.

तू अवघडलेली, ऐकलंस तर तशीच धावत निघशील, म्हणून मी तुला कळवलं नाही. मग वादळ आलं. वाचा परत येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. तुला या दिवसांत विमानात घेतील का, मला माहीत नाही. मी तिकडे यायचं तर यांना कुशीवर कोण वळवणार? रोज उठून सगळ्या बाजूंनी विचार करते आणि तिथेच येऊन थांबते.

या पत्राआधी पुन्हा फोन मिळाला तर ते पुन्हा 'नाही' म्हणतील. तू ठेवू नकोस. बोलत राहा. केल्विनला बोलू दे. आणि जमेल तेव्हा, जमेल त्या वाटेने ये. तुझी खोली आवरून ठेवली आहे.

बाबांना पत्र वाचून दाखवलं आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. खाली 'आणि'च्या पुढची वाकडी रेघ ही त्यांची सही आहे.

तुझी वाट पाहणारे,
आई आणि