कठड्यापाशी मागितलेल्या वस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, अविवाहित, रुग्णालयाच्या धुलाईखान्यातून निवृत्त, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार, याद्वारे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांची गरज नसते असं वकीलबाईंनी सांगितलं. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस लागतं. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

वकीलबाईंनी बजावलेली एक गोष्ट आधीच लिहून टाकते. या कागदाला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत सही करायची, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे तो साक्षीदार होऊ शकत नाही. एक साक्षीदार झाला: तळमजल्यावरचे दंतवैद्य. ते मला माझ्या दोन दाढांमुळे ओळखतात. दुसरा अजून मिळायचा आहे. तो मिळाला नाही तर पुढचं सगळं रद्दी समजावं.

कलम एक. घर. माझ्या मालकीच्या दोन खोल्या माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मिळाव्यात. आम्ही एकमेकींशी बोलत नाही, तरीही मिळाव्यात. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, तो जोर लावून सुलटा करायला जाऊ नये. प्लंबरने हात टेकले आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानातला धावफलक दिसतो, पण मागून. त्यामुळे आरडाओरडा ऐकू येतो आणि झालं काय ते कळत नाही. याच वैतागाने मी चौतीस वर्षांपूर्वी पहिलं तिकीट काढलं.

कलम दोन. बचत. बँकेत जे काही असेल त्यातून धुलाईखान्याच्या इस्त्रीविभागात खुर्च्या घ्याव्यात. मी तिथे एकतीस वर्षं उभी राहिले. सुट्टीच्या दिवशी मैदानावरही उभीच. खुर्च्यांना पाठ असावी. बिनपाठीच्या घेऊन उरलेले पैसे कार्यालयाच्या पडद्यांवर घालवू नयेत. धुलाईखान्याच्या मोठ्या बाईंना तो मोह होईल.

कलम तीन. माझं घडीचं स्टूल मैदानाच्या तीन नंबर फाटकावरच्या रखवालदाराला द्यावं. "मावशी, स्टूल आत न्यायचं नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्यांनी त्यावर स्वतः बसून बघावं. मनात राग नाही. थोडा आहे.

कलम चार. आता मुख्य मालमत्ता. मोठ्या कपाटात आणि पलंगाखालच्या दोन पेट्यांत मिळून एक्केचाळीस वस्तू आहेत. हातमोजे, टोप्या, एक पॅड (डाव्या पायाचं), दांडा तुटलेल्या दोन बॅटी, शिवण उसवलेले चेंडू, लंबू म्हणायचे त्या गोलंदाजाचा अंगठ्यापाशी फाटलेला बूट. एकही विकत घेतलेली नाही. सगळ्या खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या आहेत आणि सगळ्या मी तोंडाने मागून घेतलेल्या आहेत.

मागणं हे काम आहे. लोकांना वाटतं कठड्यावरून ओरडायचं आणि नशिबात असेल तर मिळायचं. तसं नसतं. पॅव्हेलियनच्या पायऱ्या जिथे मैदानात उतरतात तिथल्या लोखंडी कठड्यापाशी आम्ही चारपाचजण कायमचे. खेळाडू खेळायला उतरताना त्याच्याकडे मागायचं नाही, परत येताना मागायचं. शून्यावर बाद झालेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. लहान मुलं असतील तर त्यांना पुढे सोडायचं. चांगलं मागायचं नाही, वाया गेलेलं मागायचं. "दादा, फाटलेला असला तरी चालेल," एवढंच मी म्हणायचे. आणि एका माणसाकडे जन्मात एकदाच मागायचं. दुसऱ्यांदा मागितलं की ती भीक.

हे सगळे नियम धाब्यावर बसवणारा एक इसम होता. त्याला आम्ही टोपीवाला म्हणत असू. दुसऱ्यांची पोरं पुढे करायचा, त्यांच्या हातात आलेली टोपी काढून घ्यायचा आणि बाजारात विकायचा. या मृत्युपत्रान्वये त्याला काहीही मिळणार नाही, आणि हे त्याला पत्राने मुद्दाम कळवण्यात यावं.

वस्तू संग्रहालयाला द्याव्यात म्हणून मी मैदानाच्या चिटणिसांना भेटले होते. त्यांनी एक हातमोजा दोन बोटांत धरून विचारलं, "हा त्यांचाच कशावरून? पुरावा काय?" मी म्हटलं, "मी तिथे होते." ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. तेव्हा संग्रहालय राहू द्या. कलम पाचमधली जोडी सोडून बाकी चाळीस वस्तू वकीलबाईंनी हंगामाच्या पहिल्या सामन्याला त्या कठड्यापाशी न्याव्यात, आणि जो मागेल त्याला एकेक द्यावी. मुलं आधी. जो मागणार नाही त्याला देऊ नये.

कलम पाच. यष्टिरक्षकाचे हातमोजे, जोडी एक.

इथे मला थोडं जास्त लिहावं लागेल. वकीलबाईंनी वाटल्यास हे गाळावं, पण मग बाकीच्याला अर्थ राहणार नाही.

तो यष्टिरक्षक आमच्या संघात आला तेव्हा पोरगेलासा होता. दुसऱ्याच हंगामात मी त्याच्याकडे त्याचे हातमोजे मागितले. तो थांबला. "मावशी, हे शेवटपर्यंत वापरणार आहे मी. निवृत्त होईन तेव्हा देतो." असं सगळेच म्हणतात. त्यानंतर नऊ हंगाम मी त्याच कठड्यापाशी उभी राहिले आणि त्याच्याकडे काही मागितलं नाही. तोही काही बोलायचा नाही. पायऱ्या चढताना एकदा बघायचा. मला वर्षभरात तेवढंच कोणी बघायचं, असं लिहिलं तर रडगाणं वाटेल, पण शपथेवर लिहायचं तर हे खरं आहे.

त्याच्या शेवटच्या सामन्याच्या पाचव्या दिवशी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो पायऱ्यांपाशी आला, मोजे काढले आणि सरळ माझ्याकडे आला. "घ्या मावशी. एकदाच मागितलं होतंत." तळव्यावर चेंडूच्या लाल रंगाची वर्तुळं उमटलेली होती, पाच दिवसांचा घाम आत होता आणि उजव्या हाताच्या करंगळीपाशी त्याने चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी घरी येऊन ते टेबलावर ठेवले आणि त्यांच्यासमोर बसून जेवले.

तीन महिन्यांनी माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी आठवडाभर रुग्णालयात होते, म्हणून घर बघायला बहीण आली. ती माझ्याच धुलाईखान्यात होती, डाग काढण्याच्या टेबलावर. रक्त, औषधं, शाई, तिच्या हातून न निघालेला डाग मी पाहिला नाही. दूरदूरच्या विभागांतून खास तिच्याकडे चादरी यायच्या.

मी घरी आले. दार उघडून ती मला हात धरून टेबलापाशी घेऊन गेली. चेहरा नुसता फुललेला. "ताई, बघ! तीनदा धुऊन काढले. आधी लाल हटायलाच तयार नाही. घामाचा वास तर विचारू नकोस. आता बघ, नव्यासारखे." चिकटपट्टीही तिने सोडवून टाकली होती. मोजे पांढरेशुभ्र होते. चामडं वाळून कडक झालं होतं. दुकानात लटकतात तसे.

आजारी माणसाच्या घरात दुर्गंधी नको म्हणून तिने ते केलं. तीन दिवस खपली. हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि तरीही मी बोलले. मी म्हटलं, "तुझ्या हातांना धुण्यापलीकडे कधी काही कळलं नाही. आयुष्य डाग काढण्यात गेलं, आणि माझ्या आयुष्यात होतं नव्हतं तेही धुऊन टाकलंस." तिची लेक तेव्हा बारा वर्षांची, दारात उभी होती. तिच्यासमोर बोलले. बहिणीने हात पदराला पुसले, घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि लेकीला घेऊन गेली. पाठीवरचे टाके ओढत असतील तर औषध कुठे ठेवलंय तेवढं जाताना सांगून गेली. टाके पोटावर होते. मी तेही तिला सुनावलं.

याला अकरा वर्षं झाली. पहिली दोन मी तिच्या येण्याची वाट पाहिली. ती का येईल? चूक माझी होती. परक्या माणसांकडे कठड्यावरून हात पसरायला मला कधी लाज वाटली नाही. आणि बसने चार थांब्यांवर राहणाऱ्या बहिणीकडे जायला पाय उचलला नाही. मला एकटं वाटतं. कायद्याच्या भाषेत हे कसं लिहितात ते मला ठाऊक नाही, म्हणून साधंच लिहिलं.

ते मोजे माझ्यासोबत जाळावेत किंवा पुरावेत, जशी सोय असेल तसं.

कलम सहा. साक्षीदार. तीन आठवडे झाले. धुलाईखान्यातल्या माझ्या वेळच्या बायका एक तर गेल्या किंवा मुलांकडे राहायला गेल्या. कठड्यापाशी जे उभे राहायचे त्यांचे चेहरे मला झोपेतही ओळखता येतील, पण घर कोणाचंच माहीत नाही. आम्ही सगळे एकमेकांशेजारी उभे राहून पलीकडेच बघत होतो. वाण्याला विचारलं. तो म्हणाला, "कोर्टकचेरी नको मावशी, साखर न्या." दंतवैद्यांनी त्यांच्या मदतनीस मुलीला विचारतो म्हटलं, पण ती मला ओळखत नाही आणि अनोळखी माणसाने माझी साक्ष द्यावी हे मला पटेना.

वकीलबाईंचं म्हणणं: "मावशी, कागद झाला नाही तरी बहिणीलाच सगळं मिळेल, जवळची वारस तीच. मग कशाला एवढा खटाटोप?" बरोबर आहे. फक्त खुर्च्या राहून जातील आणि कठड्यावरचं वाटप राहून जाईल.

इथवर मंगळवारी लिहिलं. पुढचं त्यानंतरच्या रविवारी.

दुरुस्ती. आज सकाळी लवकर मी बस पकडून बहिणीच्या इमारतीपाशी गेले आणि जिन्याच्या पायऱ्यांशी उभी राहिले. ती पिशवी घेऊन खाली आली. केस पांढरे झालेत. मला पाहून थबकली. माणूस निघताना मागायचं नसतं, परत येताना मागायचं. ती माझ्या शेजारून निघून गेली. मी तिथेच राहिले. पाऊण तासाने ती भाजी घेऊन परत आली.

"अजून इथेच?" ती म्हणाली.

"सही हवी होती."

"कोणाची?"

"तुझी."

तिने पिशवी खाली ठेवली. "अकरा वर्षांनी आलीस ती सही मागायला? कशावर?"

"मृत्युपत्रावर."

"काय झालंय तुला?" तिने माझं मनगट धरलं. "खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही झालं. गुडघे सोडून ठणठणीत आहे."

"मग मरायची कसली घाई लागलीये?"

मी तिला सरळ सांगितलं की सही केलीस तर घर तुला मिळणार नाही, काहीच मिळणार नाही, कायदा तसा आहे. आणि सही नाही केलीस तर आपोआप सगळं तुझंच होईल. तेव्हा विचार करून काय ते ठरव.

"तुझ्या त्या नळाशी झोंबायला मला घर हवंय का?" ती म्हणाली. "लेकीला लिही हवं तर. तिचं लग्न ठरतंय, तुला कुठून माहीत असणार. आणि सही नुसतीच पाहिजे, की..."

मी म्हटलं, "तू घरी ये. मी तेव्हा जे बोलले ते वाईट बोलले. खोटंही बोलले. सही नसती लागली तरी मला यायला हवं होतं." एका माणसाकडे एकदाच मागायचं या नियमात एवढं सगळं बसतं का, कोण जाणे. मी एका दमात मागून टाकलं.

ती म्हणाली, "भाजी वर ठेवून येते. थांब."

त्यानुसार कलम एकमध्ये बहिणीच्या जागी तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं नाव समजावं. बाकीची कलमं कायम.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मर्जीचा आहे.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे दंतवैद्य. आमच्या समोर सही झाली. रविवार असूनही वर आले, आभार.

साक्षीदार दुसरी: लिहून ठेवणारीची सख्खी धाकटी बहीण. या मृत्युपत्रान्वये हिला काहीही मिळत नाही, हे तिला वाचून दाखवलं आणि तिने मान्य केलं.

ठिकाण: याच खोलीत, खिडकीपाशी. रविवार, सोळा तारीख, सकाळचे अकरा.

ता. क. सही झाली की साक्षीदारांनी थांबण्याचं कारण नसतं. दंतवैद्य लगेच गेले. आता दोन वाजत आले आहेत. ही अजून बसली आहे.