ह्यांचं मराठी अक्षर

बसवनगुडी, बंगळूर
९ ऑगस्ट १९५५

प्रिय सुलभा,

तुझं सांत्वनाचं पत्र येऊन वर्ष होत आलं आणि मी आज उत्तराला बसले आहे, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घे. हे गेल्यावर पंधरा दिवस घर माणसांनी भरलं होतं, मग एकेक करून सगळी पांगली. आता एकटीपुरता भात टाकायचा म्हणजे चूल पेटवायचाच कंटाळा येतो. शेजारची गंगव्वा कुंपणावरून ‘अक्का, ऊटा आयता?’ म्हणून जेवणाचं विचारते, तेवढंच दिवसभरातलं बोलणं, आणि तेही कानडीत. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून परवा मांजराला मराठीत रागावले. ते उठून गेलं.

मी कोर्टाची पायरी चढले आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल. ह्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा श्रीकांत म्हणतो, घर एकत्र कुटुंबाचं आहे, काकूला मागची खोली आणि पोटगी पुरे. माझ्याजवळ ह्यांचं मृत्युपत्र आहे. १९३० साली विषमज्वरानं अगदी टोकाला गेले होते, तेव्हा स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान, की हे घर माझ्या कमाईचं आहे आणि माझ्यामागे ते माझ्या पत्नीचं. श्रीकांतचं म्हणणं, कागद बनावट आहे, हे काकांचं अक्षरच नव्हे. लहानपणी त्याला न्हाऊमाखू घालायची ती मीच. कोर्टात त्यानं माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

मृत्युपत्रावरचे दोन्ही साक्षीदार केव्हाच वारले. तेव्हा ह्यांचं दुसरं, वादात नसलेलं अक्षर आणून शेजारी ठेवायचं आणि ताडून बघायचं, एवढाच मार्ग उरला. माझे वकील मल्लाप्पा बेळगावकडचे, मराठी चांगलं बोलतात. म्हणाले, ‘स्वल्प धीर धरा अक्का, जन्मभर कचेरीत लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर मिळायला काय अवघड?’ मी कपाटं, ट्रंका, माळा, सगळं उपसलं. कचेरीचे कागद इंग्रजीत. बँकेतली सही इंग्रजीत. घरपट्टी, किराणा, गवंड्याचे हिशेब कानडीत. ह्यांचं घराणं इथे तीनशे वर्षं आहे, आणि मराठी त्यांनी टिकवली ती देवापुढे, पानावर बसल्यावर आणि बायकोशी बोलताना. लिहायची वेळ येणार कुठे? आणि मरणाच्या भीतीनं लिहायला बसले तेव्हा मात्र नेमकं मराठीत लिहिलं, सहीसुद्धा मराठीत. मल्लाप्पांनी कपाळाला हात लावला. मलाही ह्यांचा राग आला, पण रागवायचं कुणावर?

मग मला पिंजऱ्यात उभं केलं. श्रीकांतच्या वकिलानं विचारलं, बाई, नवऱ्यानं तुम्हाला कधी मराठीत पत्र लिहिलं होतं का? हो म्हणायला जीभ उचलली होती, पण पुढे दाखवा म्हणाला असता. मी नाही म्हटलं. बाळंतपणाला माहेरी गेले असते तर पत्रं आली असती, ती वेळ आलीच नाही गं. मग शिरस्तेदारांनी मृत्युपत्र भर कोर्टात मोठ्यानं वाचलं, अडखळत, कानडी हेल काढून. शेवटी एक वाक्य आहे, ‘सत्यवतीने मला सुखात ठेवले.’ तोंडानं हे असं कधी बोलले नाहीत. ते वाक्य मी हे गेल्यानंतर पहिल्यांदा वाचलं आणि मग इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर विरायला आला. मल्लाप्पा रागावले, पुराव्याला सारखा हात लावायचा नसतो म्हणे.

त्या दिवशी घरी येताना मला आपलं धारवाड आठवलं. तुझ्या वडिलांच्या धाकामुळे तुझी पत्रं माझ्या नावावर यायची. पाकिटावर माझं नाव इंग्रजीत, कोपऱ्यात शाईचा बारीक ठिपका, म्हणजे ते तुझं. मी ते न फोडता परसातल्या भिंतीवरून तुला द्यायची आणि तू पेरूच्या झाडाखाली बसून वाचायचीस. मग बंगळूरकडचे मराठी म्हणजे निम्मे कानडीच, असं म्हणून तुझ्या वडिलांनी तुला सांगलीला दिलं. हे तुझी चौकशी करायला आमच्या घरी आले, ते माझ्या बाबांना आवडले, आणि मार्गशीर्षात मी इथे आले. माझ्या लग्नात तू माझ्या शेजारी हसत उभी होतीस. तो विषय आपण दोघींनी पुन्हा काढला नाही, ह्यांनीही काढला नाही. संसार चांगला झाला माझा, तक्रार नाही. तुझा हेवासुद्धा कधी वाटला नव्हता. पिंजऱ्यात उभी असताना मात्र वाटला, आणि चांगलाच वाटला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझे यजमान गेले त्या वर्षी मी सांगलीला आले होते, तेव्हा तू म्हणालीस, सगळं निस्तरलं, एवढी पत्रं तेवढी जाळवली नाहीत. कायदा असा आहे, सुलभा, की तीस वर्षांवरचा कागद जिथे असायला हवा तिथूनच निघाला, तर कोर्ट तो खरा मानू शकतं, साक्षीदार लागत नाही. माझं पान पंचवीस वर्षांचं. तुझी पत्रं एकतीस वर्षांची. मल्लाप्पांनी विचारलं, ती त्या बाईंजवळच का असावीत? मी सांगितलं, ह्यांनी त्यांच्यासाठीच लिहिली होती, दुसरीकडे कुठे असणार? तुझ्या घरात सुना-नातवंडं आहेत, ती काय म्हणतील हे मला कळतं. नको असेल तर तसं दोन ओळींत कळव, मी पुन्हा विचारणार नाही. घर गेलं तर मागच्या खोलीत राहीन, तिथेही ऊन येतं. पण तो कागद ह्यांचा, रघुपतींचा नव्हे असा निकाल लागला, तर ते एक वाक्यही माझं राहणार नाही. सुनावणी सप्टेंबरअखेर आहे. येशील तर दोनच पत्रं आण, मराठी सही स्पष्ट असलेली. मी ती वाचणार नाही. आणि शिरस्तेदार वाचून दाखवू लागले, तर मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसेन.

तुझीच,
सत्या