अर्धं चाक

१५ जुलै, सोमवार

पुन्हा पाणी. दवाखान्याच्या वाटेवरच्या पुलाखाली गुडघाभर. बाबांचं डायलिसिस सकाळी आठला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाऊस असो नसो. त्या यंत्राला पावसाचं काय!

बाबांनी तीस वर्षं बस चालवली. आता शेजारी बसून हुकूम सोडतात — "पहिला गिअर. पाय उचलू नकोस, सायलेन्सरमध्ये पाणी जाईल." आणि त्यांचा नियम: पुढच्या गाडीचं चाक बघायचं. अर्धं दिसतंय तोवर जायचं, त्याहून बुडालं की थांबायचं. पण पाणी दिसलं की माझी नजर बॉनेटच्या पलीकडे जातच नाही. म्हणून चाक बघण्याचं काम बाबांचं. मी विचारते, "चाक दिसतंय का?" ते म्हणतात, "अर्धं दिसतंय. चल." मग मी जाते. डोळे मिटून गेल्यासारखीच.

१६ जुलै, मंगळवार

दिवसभर पाऊस. बाबांचे पाय सुजलेत. बाहेरही पाणी, आतही पाणी.

१७ जुलै, बुधवार

दादाचा फोन. "टॅक्सी कर ना, कशाला जीव धोक्यात घालतेस?" पुलाचं नाव काढलं की टॅक्सीवाले फोन ठेवतात, हे त्याला कोण सांगणार! तिकडे परगावी बसून उंटावरून शेळ्या हाकतो.

चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. सिस्टर रागावल्या नाहीत. बाबांना हाताला धरून खाटेपर्यंत नेलं. उशी इथे, बेल इथे, असा त्यांचा हात लावून दाखवला. एवढी माया मला कुठे जमते. मी नुसती घाई करते त्यांना.

१९ जुलै, शुक्रवार

गाडी बंद पडली. पुलाखाली, मधोमध.

नेहमीसारखं विचारलं. "अर्धं दिसतंय. चल." गेले. पुढे ट्रक होता! ट्रकचं अर्धं चाक बुडालं म्हणजे आमची गाडी दारांपर्यंत बुडणार. मला कळायला हवं होतं. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला तर कळायलाच हवं होतं. पायाखालून पाणी आत आलं. दोघातिघांनी ढकलून बाहेर काढलं. डायलिसिस हुकलं.

भर रस्त्यात ओरडले मी त्यांच्यावर. "नीट बघून सांगायचं ना!" ते चष्मा काढून पुसत बसले.

२० जुलै, शनिवार

न्हाणीघरातून परत आले तरी धाप लागते त्यांना. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या एकही खाट रिकामी नाही, पण सोमवार चुकला तर माझ्या हातात काही राहणार नाही. गॅरेजवाला म्हणतो, उद्या संध्याकाळी गाडी देतो. देवावर भरवसा नाही, गॅरेजवाल्यावर ठेवायचा!

२१ जुलै, रविवार

मला आता होत नाही. लिहूनच टाकते. वाटतं, पुलापाशी गाडी उभी करावी, उतरावं आणि चालत सुटावं. मग बाबांचं कोण बघणार? आणि ते गेले तर लोक म्हणणार, हिला साधी गाडी चालवता आली नाही. खरंच आहे ते.

दुपारी त्यांना म्हटलं, उद्या मला नाही जमणार. तर म्हणाले, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." विनोद केला त्यांनी. मला रडू फुटलं. आवाज न करता, अगदी त्यांच्या समोर बसून रडले. ते पेपर धरून बसले होते. मान वर केली नाही. तासभर तेच पान.

गाडी मिळाली. आतून कुबट वास येतो.

२२ जुलै, सोमवार

पोचलो. बाबा यंत्रावर आहेत, मी बाहेर बाकावर.

पुलापाशी थांबले होते. सवयीने विचारलं, "चाक दिसतंय का?"

"अर्धं दिसतंय. चल."

या वेळी मान वर करून मीही बघितलं. पुढे एकही गाडी नव्हती. पुलापर्यंत रस्ता रिकामा.

बाबा सरळ समोर बघत होते. कालचं ते तासभर न उलटलेलं पान आठवलं. "बरं बाबा," म्हटलं, आणि पाणी किती आहे ते माझं मी बघून पहिला गिअर टाकला.