हिटरची वायर

१२ डिसेंबर २००१
आजपण जीप चालू झाली न्हाई. थंडी लई. गावच्या दुधाचे कॅन दारात, माणसं दारात, आन गाडी नुसती खोकती. राजरत्न किल्ली फिरवून हिटर धरतो, पण डॅशबोर्डावरची तार लाल व्हतच न्हाई. ती लाल झाल्याबिगर थंडीत डिझेल पेटत न्हाई, एवढं मलापण कळतं. शेवटी समद्यांनी ढकलली. घोडेगावला डेअरीत पोचायला उशीर. शिनोलीचा गोरख टेम्पो घिऊन टपलाय. दुधाची फेरी त्यानं नेली की आमी काय करायचं?

गाडी ह्यांची, राजरत्नच्या बापाची. श्रावणात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तवापासनं गाडी पोराच्या हातात. इतके दिस गरमी व्हती म्हणून चालली.

१३ डिसेंबर
ढकलली.

१५ डिसेंबर
गाड्यांची वायरिंग करणारा सोपान आला. हिटरचे चारी प्लग काढून तपासले. चांगले हायती म्हणला, पण करंट तिथवर येईना. मग डॅशबोर्डाखाली वाकून बघितलं आन कपाळाला हात लावला. "काकू, ह्या समद्या वायरी लालच. कुणी केलंय हे?"
कोण करणार. विहिरीवरच्या मोटारीची वायर उरली व्हती, तीच ह्यांनी सगळीकडं वढली. जागोजाग टेपपट्टीचे जोड. ह्यांना रंग लागतच नव्हता, हात लावून वळखायचे.
"मंग त्यांनाच इचारा की."
म्हणणं सोपं हाय. माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतोय.

१६ डिसेंबर
तरी इचारलं. "अहो, हिटरला करंट कुठून दिलाय?"
नजर भिंतीवरनं निघाली — लई दिसांनी. "हा, हा" करत डावा हात हलवला. मी आन राजरत्ननं उचलून जीपच्या पुढच्या शीटवर बसवलं. हात डॅशबोर्डाखाली घातला, चाचपत राहिले.
"आबा, ही का?" मान हलवली. न्हाई.
"मंग ही?" न्हाई.
त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझं डोकं फिरलं. दारात माणसं ताटकळलेली. म्हणलं उतरवा ह्यांना, ढकला गाडी.

१९ डिसेंबर
रोज तेच. सकाळी आपले आपणच उठून बसत्यात, डाव्या हातानं टोपी घालत्यात, जीपकडं बोट करत्यात. बसवायचं, चाचपू द्यायचं, उतरवायचं. निघत काय न्हाई.
साळुबाई कॅन ठिवता ठिवता बोलली, "उद्यापासनं गोरखला सांगू का गं? रागावू नको."
काय रागवू. तिच्या जागी मी असते तर कवाच सांगितलं असतं. म्हणलं, दोन दिस थांब.
सोपानला निरोप धाडला. समद्या वायरी उपट, नव्या टाक.

२१ डिसेंबर
उपटल्या. जोडांच्या गर्दीत एक टोक निघालं, टेपपट्टीत गुंडाळून मागं खोचलेलं. हिटरचं. "काकू, हे तुटलं न्हाई. मुद्दाम सोडवून ठेवलंय."
तवा राजरत्नच्या ध्यानात आलं. आबा उन्हाळ्यात हिटर सोडवून ठिवायचे, उगा प्लग जळाय नको म्हणून. दिवाळी झाली की परत जोडायचे. ह्या दिवाळीला जोडणार कोण?
म्हंजे बिघाड नव्हताच. ते सुटलेलं टोक हुडकत व्हते, आन आमी जोडलेल्या वायरी धरून "ही का, ही का" करत बसलो.
सोपाननं तरी नव्या टाकल्याच. निळी, हिरवी, हिटरची पिवळी. म्हणला, आता कुणालापण कळंल.

२२ डिसेंबर
पहिल्या किल्लीला चालू! दूध येळेवर गेलं.
आत जाऊन सांगितलं, "अहो, झाली गाडी. आता तुमाला उठायचा तरास न्हाई."
टोपी घालून बसले व्हते. काढली, उशाखाली सारली.

२५ डिसेंबर
गाडी बेस. साळुबाईचं दूध आमच्याकडंच.
हे उठत न्हाईत. पेज दोन चमचे. मी चिडून बोलले, गोड बोलले. भिंत सोडत न्हाईत.

२७ डिसेंबर
दूध घालून जीप परत आली. राजरत्न आंघोळीला गेला तवा डॅशबोर्डाखाली हात घालून पिवळी वायर मी वढून काढली. मग खाटेपाशी गेले. म्हणलं, "अहो, उठा. आमाला काय उमगंना."