शॉर्ट सर्किट नव्हतं

४ मार्च

रिपोर्ट आला. आगीचं कारण — शॉर्ट सर्किट. खाली सही, शिक्का. भावोजींच्या आडनावात एक अक्षर चुकलंय. ताईने कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याच हातात दिला. ‘तू ठेव. तुझ्या विषयातलं आहे.’

ठेवला. जेवलो. दोन ठिकाणी पंखे लावून आलो. काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं कळतं.

५ मार्च

शॉर्ट सर्किट नव्हतं. इथे तरी लिहून ठेवतो.

शॉर्ट सर्किटमध्ये दोन वायरी एकमेकींना भिडतात, फट् होतं, बोर्डातला स्विच पडतो. क्षणाचं काम. ताईच्या मागच्या खोलीत जे झालं ते चार महिने चाललं होतं. भिंतीतली वायर रोज थोडी तापायची, तिचं आवरण रोज थोडं कडक व्हायचं. शेवटी वाळक्या पानासारखं झालं असणार.

ताई घरीच लॉण्ड्री चालवायची. कपडे धुण्याचं मशीन — गरम पाण्याचं — आणि ड्रायर, दोन्ही एकाच लाइनीवर. लाइन जुनी, वायर बारीक. एकेक लावलं तर चालायचं. दोन्ही एकदम लावली की सोळा अँपियरचा स्विच खाली. घरात त्याचं नाव रुसूबाई. ‘रुसूबाई रुसल्या बरं का,’ अशी भावोजींची हाक आली की ताई चरफडत जाऊन स्विच वर करायची. दिवसातून दहादा. ऑक्टोबरात मला म्हणाली, ‘सख्खा भाऊ वायरमन, आणि माझी ही गत. हिचा रुसवा काढ एकदाचा.’

ड्रायरला वेगळी लाइन ओढायला हवी होती, जाड वायरीची. भिंत फोडायची, अख्खा दिवस मोडायचा. मी सोळाचा काढला, बत्तीसचा बसवला; वायर तीच ठेवली. म्हटलं, आठवडाभर चालव, रविवारी येऊन लाइन ओढतो. पाच मिनिटांत काम झालं. ताईने चहा केला.

किती रविवार गेले! बत्तीसचा एकदाही रुसला नाही. सगळे खूश. ज्याचं कामच रुसायचं, त्याचं रुसणंच मी बंद करून टाकलं. परक्या घरी हे केलं नसतं. परक्याकडे काम अर्धं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. बहिणीचं घर, म्हणून हक्काने टाळलं.

७ मार्च

अजून एक लिहायचं राहिलं.

आग लागली वीस फेब्रुवारीला, दुपारी. मागच्या दोन खोल्या गेल्या, भावोजी गेले. पुढची खोली नुसती काळी झाली, तिथला बोर्ड शाबूत. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले यायच्या आधी मी जाऊन बत्तीसचा काढला आणि सोळाचा परत बसवला. बायका सगळ्या शेजारच्या घरात ताईभोवती होत्या. स्क्रू नीट पिळले, कव्हरवरची काजळी होती तशी राहील हे बघितलं. चांगलं काम केलं. इतकं मन लावून केलेलं काम त्या घरात तेवढं एकच.

८ मार्च

काही नाही. तीन फोन आले, एकाकडे गेलो.

११ मार्च

ताई आणि चिऊ आमच्याकडेच राहतात. चिऊ म्हणजे भाची, सतरा वर्षांची. त्या दिवशी ताई धुतलेले कपडे पोचवायला गेली होती. भावोजी रात्रपाळी करून आत झोपलेले. चिऊने ड्रायरमध्ये चादरी टाकल्या, मशीनही लावलं आणि क्लासला गेली. रोजच जायची. तासाभरात परत येऊन चादरी काढायची.

भावोजींची मोठी बहीण, म्हणजे चिऊच्या आत्याबाई, आज भेटायला आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘मशीन सुरू ठेवून पोरगी बाहेर हिंडायला गेली. म्हणून तर शॉर्ट सर्किट झालं ना?’ चिऊ ओट्याशी भांडी पुसत होती. पुसत राहिली.

मी बाहेर पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

१४ मार्च

चिऊ घरातले प्लग काढत फिरते. मिक्सरचा, टीव्हीचा, चार्जरचा. सकाळी फ्रिजसुद्धा बंद होता, दूध नासलं. बायकोने ओटा पुसून घेतला. सगळ्यांचे कपडे चिऊ हाताने धुते. बोटं पांढरी पडलीत. कॉलेजचं नाव काढलं की ऐकू न आल्यासारखं करते.

१५ मार्च

तिने विचारलं. जेवताना, ताटात बघून — ‘मामा, शॉर्ट सर्किट म्हणजे नेमकं काय होतं?’

मी म्हटलं, ‘वायरीला वायर लागते.’

‘मशीन जास्त वेळ चालू राहिल्यामुळे?’

एवढंच म्हणायचं होतं — नाही गं. दोन शब्द. ताई समोर बसलेली. ती म्हणाली, ‘जेव गुपचूप.’ चिऊ जेवली. मीही जेवलो. दुसऱ्यांदा भात घेतला, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२३ मार्च

ताई परत काम सुरू करतेय. बाजारामागे खोली भाड्याने घेतली. वायरिंग मीच करायचं, असं ती म्हणाली. दुसऱ्या कोणाला बोलावू देईना.

२६ मार्च

तीन दिवस तिथेच. ड्रायरला वेगळी लाइन, मशीनला वेगळी, दोन्हींना जाड वायर, वायरीला झेपेल तेवढेच स्विच. अर्थिंग दोनदा तपासलं. बोर्डावर कागद चिकटवून कोणता स्विच कशाचा ते लिहिलं. दोन्ही एकदम तासभर चालवली आणि भिंतीला हात लावून बघितला. गार.

तिथेच खाली बसलो. एवढंच तर होतं. त्या घरात तर एकच दिवस लागला असता!

१ एप्रिल

आत्याबाईंनी चिऊला त्यांच्याकडच्या लग्नाला बोलावलं नाही. ताईला एकटीला बोलावलं. चिऊ म्हणाली, ‘बरोबर आहे त्यांचं.’ रागाने नाही. वेळ सांगावी तसं.

आज पहिल्यांदा काहीतरी वाटलं. भीती असावी. चिऊच्याच तोंडून तिचा दोष कायमचा पक्का होत चाललाय.

६ एप्रिल

ताईला सांगितलं. नवीन खोलीत, ती इस्त्रीचं टेबल पुसत असताना. बत्तीसचा, रविवार, आगीच्या दुसऱ्या दिवशी बदलला तोही. सगळं एका दमात.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, ‘माहीत आहे मला. तू बोर्ड उघडलास तेव्हा मी दारात होते. ह्यांचा चष्मा शोधायला आले होते.’

मी विचारलं, ‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलू? नवरा गेला. तुझं नाव आलं असतं तर तुझं लायसन गेलं असतं, तुला आत टाकलं असतं. दोन्ही घरं बसली असती. आणि आईच्या मागे तुला मी वाढवलंय.’

‘आणि चिऊ?’

तेव्हा ती थांबली. ‘ती लहान आहे. विसरेल. लग्न होईल, मुलंबाळं होतील. विसरतात मुली.’ मग फडका पिळला आणि म्हणाली, ‘रुसवा काढ असं मीच म्हटलं होतं ना तुला? रोज म्हणत होते.’

दोघांनी मिळून शटर ओढलं. चालत घरी आलो. वाटेत तिने कोथिंबीर घेतली.

७ एप्रिल

झोप लागते. हेच समजत नाही.

९ एप्रिल

सकाळी चिऊ कपडे पिळत होती. शेजारी बसून तिला सांगितलं — माझं तेवढं. ताईला ठाऊक होतं, हे नाही सांगितलं. तिने हातातली चादर पिळून बादलीत ठेवली. मग म्हणाली, ‘आईला सांगू नकोस हं मामा. बाबा गेलेच, आता तिला भाऊ तरी राहू दे. मला सवय झालीये.’

आत्याबाईंना फोन केला. उद्या दहा वाजता या म्हटलं, सगळ्यांना घेऊन.